लाकडी पेटीतला टीव्ही आणि त्याचे अमेरिकन कारखानदार

अमेरिकेत आयातशुल्काची चर्चा सुरू झाली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या देशाने दूरचित्रवाणी दिवाणखान्यात आणून ठेवली, त्या देशात आज घरगुती टीव्ही बनवणारी एकही मोठी स्वदेशी कंपनी का उरली नाही? आरसीए, झेनिथ, मोटोरोला, फिल्को, अ‍ॅडमिरल, मॅग्नाव्हॉक्स ही नावे एके काळी अमेरिकेच्या घराघरांत होती. त्यांतली काही आजही खोक्यांवर छापलेली दिसतात, पण खोक्यातला संच त्या कंपनीचा नसतो. ‘जपानी स्वस्त मालाने त्यांना मारले’ हे उत्तर सर्वांना पाठ आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरीही जुन्या संचाचे मागचे झाकण उघडून पाहिले तर त्याहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, गोष्ट दिसते. ती समजून घेण्यासाठी हा संच चालत कसा असे, इथपासून सुरुवात करावी लागेल.

पडद्यावर चित्र उमटते कसे

जुन्या टीव्हीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग भाग म्हणजे पिक्चर ट्यूब. हा काचेचा एक भलामोठा चंबू असतो आणि त्यातली हवा पूर्ण काढून घेतलेली असते. चंबूच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सुटतो आणि तो समोरच्या रुंद काचेवर जाऊन आदळतो. त्या काचेला आतून असा लेप दिलेला असतो की झोत जिथे पडेल तिथे क्षणभर उजेड होतो. मानेभोवती बसवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी चुंबकाच्या जोराने हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवत राहतात.

पाटीवर ओल्या बोटाने एकाखाली एक ओळी काढत गेलो तर शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेतो पहिली ओळ वाळून नाहीशी होते आणि पुन्हा वरून सुरुवात करावी लागते. टीव्हीचा झोत हेच काम करतो, मात्र अचाट वेगाने. अमेरिकन पद्धतीत एका चित्रासाठी 525 ओळी ठरवलेल्या होत्या आणि अशी 30 चित्रे दर सेकंदाला आखली जात. आधी विषम क्रमांकाच्या ओळी, मग सम क्रमांकाच्या, अशा दोन फेऱ्यांत एक चित्र पूर्ण होई, त्यामुळे डोळ्याला लुकलुक जाणवत नसे. आपल्याकडे दूरदर्शनने 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रे ही वेगळी पद्धत स्वीकारली होती. म्हणून अमेरिकेतून हौसेने आणलेला जुना संच इथे जसाच्या तसा चालत नसे.

हवेतून आलेला अशक्त संदेश पकडायचा, तो वाढवायचा आणि झोताला वेळेवर हुकूम द्यायचे, ही कामे व्हॉल्व्ह करत. व्हॉल्व्ह म्हणजे विजेच्या प्रवाहाला कमीजास्त करणारी काचेची नळी. ती तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून जुना टीव्ही लावल्यावर चित्र यायला थोडा वेळ लागे. तापून तापून ती झिजते आणि एके दिवशी निकामी होते. व्हॉल्व्हचा हा स्वभाव लक्षात ठेवावा, कारण पुढची बरीच कथा त्यावर उभी आहे.

तीस व्हॉल्व्हचा संच

1927 साली सॅन फ्रान्सिस्कोत फायलो फार्न्सवर्थ या तरुणाने पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चित्र पाठवून दाखवले. पुढे आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीने, डेव्हिड सार्नॉफ यांच्या नेतृत्वाखाली, 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात टीव्ही लोकांपुढे मांडला. महायुद्धामुळे सर्व काही थांबले. 1946 साली आरसीएचा ‘630-टीएस’ हा संच बाजारात आला आणि खरी सुरुवात झाली. पडदा 10 इंची, आत 30 व्हॉल्व्ह आणि किंमत सुमारे 375 डॉलर. आरसीएने या संचाचा आराखडा परवाना घेतलेल्या इतर कंपन्यांनाही खुला केला आणि अनेकांनी जवळपास तसेच संच बनवले. आरसीएचा व्यवसाय केवळ संच विकण्याचा नव्हता, तर शोध लावून त्यांच्या वापराचे परवाने विकण्याचाही होता, आणि या दुसऱ्या व्यवसायाने पुढे मोठे वळण घेतले.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला डझनावारी कंपन्या टीव्ही बनवत होत्या. अ‍ॅलन ड्युमाँट यांचे संच उंची मानले जात, तर अर्ल मुंट्झ संचातला एकेक भाग काढून पाहत आणि ज्याच्यावाचून चित्र टिकते तो भाग वगळूनच टाकत. त्यांचे संच स्वस्त असत आणि प्रक्षेपण केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांकडे ठीक चालत. फिल्कोने 1958 साली ‘प्रेडिक्टा’ हा संच आणला. त्याची पिक्चर ट्यूब पेटीच्या वर, फिरत्या आरशासारखी बसवलेली होती. आजही तो पाहताना डोळे खिळतात. फिल्को मात्र 1961 साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर फोर्ड कंपनीच्या ताब्यात गेली.

रंग आले, आणि रंगांबरोबर परवाने

रंगीत पिक्चर ट्यूब समजण्यासाठी ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणावी. पडद्याच्या आतल्या बाजूला लाल, हिरवा आणि निळा उजेड देणारे लाखो बारीक ठिपके तिघातिघांच्या गटाने बसवलेले असतात. मानेतून तीन झोत निघतात. पडद्याच्या थोडी अलीकडे बारीक छिद्रांचा एक पत्रा असतो. चाळणीतून पडणारे पीठ जसे छिद्राखालीच पडते, तसा प्रत्येक झोत या छिद्रांतून ठरलेल्या कोनात जाऊन आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतो. पत्रा केसभर हलला किंवा झोत जरा चळला की माणसांचे चेहरे हिरवट दिसू लागतात.

डिसेंबर 1953 मध्ये अमेरिकन सरकारने रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत मान्य केली. तिचा मोठा गुण हा की तेच प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचावरही दिसत असे. 1954 च्या मार्चमध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या कारखान्यातून आरसीएचा ‘सीटी-100’ बाहेर पडला. पडदा 15 इंची आणि किंमत 1,000 डॉलर. त्या काळी साधी नवी मोटार दोन हजार डॉलरच्या आत मिळे. साहजिकच फार थोडे संच विकले गेले आणि रंगीत टीव्ही सर्वसामान्यांच्या घरी पोहोचायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

याच काळात एक न्यायालयीन घटना घडली, जिची चर्चा फारशी होत नाही. आरसीएने परवान्यांच्या जोरावर मक्तेदारी केल्याचा दावा सरकारने लावला होता. 1958 साली तडजोड झाली आणि रंगीत टीव्हीचे आपले शोध देशातल्या स्पर्धकांना विनामोबदला वापरू देणे आरसीएला भाग पडले. गावातल्या विहिरीच्या मालकाला सांगितले की गावकऱ्यांकडून पाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, तर तो पाणी शेजारच्या गावाला विकण्याची सोय बघेल. आरसीएने तेच केले. परदेशी कंपन्यांना, मुख्यतः जपानी कंपन्यांना, परवाने देऊन तिने उत्पन्न मिळवले आणि परवान्यांबरोबर तंत्रज्ञानही तिकडे गेले. स्पर्धा वाढवण्याच्या चांगल्या हेतूने झालेल्या निवाड्याचा हा परिणाम कोणीच योजला नव्हता.

दुरुस्तीवर उभा असलेला धंदा

आता मागचे झाकण उघडू या. साठच्या दशकातला झेनिथचा संच घेतला तर आत तारांऐवजी जोडण्या छापलेली हिरवी पट्टी, म्हणजे छापील सर्किट, दिसत नाही. लोखंडी सांगाड्याखाली प्रत्येक तार, प्रत्येक कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) हाताने वाकवून, हाताने सोल्डर करून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडलेला असतो. झेनिथ याची जाहिरात अभिमानाने करी आणि आपल्या संचात छापील सर्किट नाही, सगळे हातकाम आहे, असे सांगे. त्यात खोटे काही नव्हते. व्हॉल्व्हच्या उष्णतेने त्या काळच्या छापील पट्ट्या करपत आणि वाकत. हाताने जोडलेला संच जास्त टिके आणि मुख्य म्हणजे त्यातला एखादा भाग गेला तर मेकॅनिकला तो सहज काढून बदलता येई.

आपल्याकडे ज्यांनी शटरचा लाकडी टीव्ही पाहिला आहे, त्यांना मेकॅनिकची ती भेट आठवत असेल. आमच्या घरी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या की शेजारच्या गल्लीतल्या काकांना निरोप जाई. ते पाठीमागे जाऊन बसत, समोर आरसा धरायला मला उभे करत आणि आरशात पाहत पाहत स्क्रू फिरवत. चित्र स्थिर झाले की आई चहा ठेवी. अमेरिकेत हे दृश्य कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडत होते. तिथे औषधांच्या दुकानांत व्हॉल्व्ह तपासण्याची यंत्रे ठेवलेली असत. लोक घरचे व्हॉल्व्ह पिशवीत घालून नेत, स्वतः तपासत आणि खराब निघेल तो तिथेच विकत घेत. टीव्ही विकणारा दुकानदार आणि दुरुस्त करणारा बहुधा एकच असे आणि त्याची बरीचशी कमाई दुरुस्तीतून होई. झेनिथसारख्या कंपन्यांची ताकद या विश्वासू दुकानदारांच्या जाळ्यात होती.

म्हणून अमेरिकन कंपन्यांनी जो गुण सर्वांत जास्त जोपासला तो होता दुरुस्तीची सोय. मोटोरोलाने 1967 साली ‘क्वेझार’ हा संच आणला. तो जवळजवळ पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर, म्हणजे व्हॉल्व्हचेच काम करणाऱ्या चिमुकल्या भागांवर, चालणारा होता आणि त्याचे सगळे काम एका खणात बसवलेले होते. पुढून खण ओढायचा, बिघडलेली पट्टी काढायची आणि नवी सरकवायची. हा अत्यंत हुशार विचार होता. पण तो संच बिघडणार हे गृहीत धरून केलेला होता.

जपानमध्ये याच सुमारास वेगळा प्रश्न विचारला जात होता. ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हसारखा तापत नाही आणि झिजत नाही, तर मग संच बिघडावाच का? सोनीने 1960 साली ट्रान्झिस्टरवर चालणारा 8 इंची छोटा टीव्ही बाजारात आणला होता आणि 1968 साली त्यांची ‘ट्रिनिट्रॉन’ ही उजळ चित्राची रंगीत ट्यूब आली. साठचे दशक संपता संपता जपानी कंपन्या पूर्ण ट्रान्झिस्टरचे रंगीत संच बनवू लागल्या होत्या. उष्णता कमी झाल्यामुळे छापील पट्टीवरचा आक्षेप संपला. छापील पट्टीवर भाग बसवण्याचे काम यंत्राकडून करून घेता येते, आणि यंत्राने बसवलेला भाग दर वेळी तसाच बसतो. ज्या संचाला दुरुस्ती क्वचितच लागते त्याला मेकॅनिक असलेला दुकानदारही लागत नाही. तो सीअर्ससारख्या मोठ्या दुकानमालिकेतून, त्यांच्याच नावाने, विकता येतो. जपानी संच तसेच आणि प्रथम लहान आकारांत शिरले. लहान संचात नफा थोडा, म्हणून अमेरिकन कंपन्यांनी तिकडे दुर्लक्ष केले आणि मोठ्या लाकडी कपाटवजा संचांवर लक्ष ठेवले.

हाताने जोडणीचा झेनिथचा निर्णय व्हॉल्व्हच्या काळात बरोबर होता. काळ बदलल्यावर तोच अभिमान अंगावर आला, असे मला वाटते.

पण जपानने तोटा सोसून माल ओतला, त्याचे काय?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. स्वतःच्या देशात एखादी वस्तू महाग विकायची, त्या नफ्यावर परदेशात तीच वस्तू अवाजवी स्वस्त विकायची आणि तिथली बाजारपेठ काबीज करायची, याला ‘डंपिंग’ म्हणतात. जपानी टीव्हीबाबत असे घडत असल्याचा निष्कर्ष अमेरिकन सरकारने 1971 साली काढला. त्यानुसार आकारलेले शुल्क मात्र वर्षानुवर्षे नीट वसूल झाले नाही. झेनिथने न्यायालयात जाऊन जपानी कंपन्यांवर संगनमताचा आरोप केला. तो खटला 1986 पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने जपानी कंपन्यांची बाजू घेतली. न्यायालयाचा तर्क थोडक्यात असा की वीस वर्षे तोटा सोसूनही आरसीए आणि झेनिथ याच दोन कंपन्या अग्रभागी असतील, तर असे संगनमत कोणी शहाणा व्यापारी कशासाठी करील? चार न्यायमूर्तींना हे पटले नाही आणि वाद आजही मिटलेला नाही. डंपिंगने अमेरिकन कंपन्यांचा नफा खाल्ला यात मला शंका वाटत नाही. मात्र नफा घटला तरी संच जुन्याच पद्धतीने का बनत राहिला, याचे उत्तर डंपिंगमध्ये सापडत नाही.

मजुरी महाग, हेच खरे कारण नव्हे का?

याला उत्तर शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्कच्या कारखान्यात मिळते. मोटोरोलाने 1974 साली आपला टीव्हीचा धंदा जपानच्या मात्सुशिता कंपनीला विकला. कारखाना तोच, गाव तेच, कामगारही बरेचसे तेच. गुणवत्तेचे जाणकार जोसेफ ज्युरन यांनी या कारखान्याचे उदाहरण पुढे अनेकदा दिले. विक्रीपूर्वी दर शंभर संचांमागे दीडशेहून अधिक दोष सापडत, म्हणजे एकेका संचात सरासरी एकाहून अधिक. काही वर्षांनी हे प्रमाण शंभरामागे तीन-चारवर आले. नव्या मालकांनी संचाची रचना बदलली, भाग पुरवणाऱ्यांकडून चोख माल मागितला आणि दोष शेवटी शोधून काढण्याऐवजी तो मुळात होऊ नये यावर खर्च केला. सोनीनेही 1972 साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगो इथे कारखाना काढला होता. अमेरिकन मजुरी देऊन अमेरिकेत चांगला संच बनवता येत होता. अमेरिकन कंपन्या मात्र स्वस्त मजुरीसाठी मेक्सिको आणि तैवानकडे निघाल्या होत्या.

सरकारने आयात रोखली असती तर?

रोखली होती. 1977 साली अमेरिका आणि जपान यांच्यात करार झाला आणि जपानमधून येणारे रंगीत संच तीन वर्षे दरसाल साडेसतरा लाखांवर मर्यादित केले गेले. परिणाम दोन झाले. जपानी कंपन्यांनी अमेरिकेतच कारखाने वाढवले आणि रिकामी झालेली जागा तैवान व कोरियाच्या मालाने भरली, तेव्हा त्यांच्याशीही करार करावे लागले. पाटाला एका जागी बांध घातला की पाणी शेजारच्या वाफ्यात शिरते, तसे हे झाले. मुदत मिळाली, पण त्या मुदतीत काय करायचे हे कंपन्यांनीच ठरवायचे होते.

पैसा गेला कुठे

माझ्या मते दुरुस्तीच्या धंद्याइतकेच हे दुसरे मोठे कारण आहे. आरसीएने साठ आणि सत्तरच्या दशकांत मोटारी भाड्याने देणारी हर्ट्झ ही कंपनी घेतली, गोठवलेले जेवण विकणारी कंपनी घेतली, गालिचे बनवणारी घेतली. चित्रपट तबकडीवरून दाखवणाऱ्या यंत्रावर कोट्यवधी डॉलर घातले आणि 1984 साली तो प्रयत्न सोडून दिला. शोधांची तर वाण नव्हती. आज प्रत्येक खिशात असलेल्या द्रवस्फटिक पडद्याचे, म्हणजे एलसीडीचे, पहिले प्रात्यक्षिक आरसीएच्याच प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेने जॉर्ज हाइलमायर यांच्या कामातून 1968 साली जगापुढे मांडले. कंपनीने ते पुढे नेले नाही. भिंतीवर टांगण्याचा टीव्ही ज्यांच्या हातात सर्वांत आधी होता, त्यांनी तो खाली ठेवला, ही गोष्ट मला आजही चटका लावते.

झेनिथचीही कल्पकता कमी नव्हती. 1956 साली त्यांच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी बनवलेल्या रिमोटमध्ये बॅटरीच नव्हती. बटण दाबले की आत एक हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटे, माणसाला ऐकू न येणारा सूक्ष्म नाद निघे आणि संच तो ओळखून चॅनल बदली. 1969 साली त्यांनी रंगांच्या ठिपक्यांभोवती काळी पार्श्वभूमी देऊन ट्यूब कितीतरी उजळ केली. अमेरिकेच्या पुढच्या डिजिटल प्रक्षेपणाची पद्धतही झेनिथच्याच कामातून आली.

एकेक दिवा मालवत गेला

1974 या एकाच वर्षात मोटोरोलाचा टीव्ही जपानकडे, मॅग्नाव्हॉक्स नेदरलँड्सच्या फिलिप्सकडे आणि अ‍ॅडमिरल विमानांचे भाग बनवणाऱ्या रॉकवेलकडे गेली. 1986 साली जनरल इलेक्ट्रिकने आरसीए विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचा टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या थॉम्सन कंपनीला देण्याचे ठरवले. एकटी उरलेली झेनिथ 1995 साली कोरियाच्या एलजीकडे गेली. 1998 साली ब्लूमिंग्टनचा तो कारखाना बंद झाला आणि काम मेक्सिकोतल्या हुआरेझला गेले.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. थॉम्सनने आरसीएबरोबर मिळालेला पिक्चर ट्यूबचा धंदा वाढवत नेला आणि 2005 साली तो व्हिडिओकॉनला विकला. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, टीव्ही बनवून मोठ्या झालेल्या कंपनीच्या हाती पोलंड, इटली, चीन आणि मेक्सिकोतले ट्यूबचे कारखाने आले. तोवर सपाट पडद्यांची लाट येऊन ठेपली होती आणि काचेच्या ट्यूबची मागणी वेगाने आटत होती. पुढे व्हिडिओकॉनही 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

जुना संच हाती आला तर

ओहायो राज्यातल्या हिलियार्ड इथे जुन्या टीव्हीचे एक संग्रहालय आहे आणि अमेरिकाभर असे हौशी लोक आहेत, जे तळघरात ‘630-टीएस’ आणि ‘सीटी-100’ जिवंत ठेवतात. व्हॉल्व्ह अजून मिळतात. पिक्चर ट्यूबचे तसे नाही. आतली हवा पुन्हा काढून ट्यूब नवी करून देणारा आयोवातला कारखाना 2010 च्या सुमारास बंद झाला आणि ‘सीटी-100’ च्या कित्येक ट्यूबमध्ये काच आणि धातूच्या सांध्यातून हवा शिरलेली आहे. दुसऱ्या काही संचांत ट्यूबवर चिकटवलेल्या संरक्षक काचेखालचा डिंक कडेने पांढुरका होत जातो. तिथले संग्राहक त्या दोषाला मोतीबिंदूच म्हणतात. उष्णता देऊन, बारीक तारेने डिंक कापत ती काच अलगद वेगळी करावी लागते आणि त्यात ट्यूब फुटण्याचा धोका असतो.

माळ्यावर किंवा जुन्या बाजारात असा संच कोणाला मिळाला, तर त्याची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घालू नये. कागद आणि मेणाचे जुने कंडेन्सर बहुधा आतून गेलेले असतात आणि ते आपल्याबरोबर इतर भागही जाळतात. ते आधी बदलावेत आणि मग वीज हळूहळू वाढवत न्यावी. वीज तोडल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा साठा राहतो, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिकशिवाय करू नये. एवढे करून संच सुरू झाला तरी अमेरिकेत 2009 च्या जूनपासून जुन्या पद्धतीचे मुख्य प्रक्षेपण बंद आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह तापल्यावर पडद्यावर पहिल्यांदा दिसतात त्या मुंग्या. चित्र हवे असेल तर नव्या संदेशाचे जुन्यात रूपांतर करणारी एक छोटी पेटी अँटेनाच्या तारेला जोडावी लागते.